गोळी सरळ का जात नाही? गुरुत्वाकर्षण, हवा आणि रायफलची गोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, आणि तेव्हापासून रेंजवर मुलांना घेऊन येणारे आईबाबा, कॉलेजची पोरं, कधीतरी एखादे फिजिक्सचे सर, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक पॉइंट टू-टू रायफलची आहेत, म्हणजे ५० मीटरला जी वापरतात तीच, कारण तिची गोळी हळू जाते आणि तिच्यात सगळे प्रकार छान दिसतात. आकडे साधारण धरा, गोळीचा ब्रँड किंवा लॉट बदलला की थोडे इकडेतिकडे होतात.

गोळी सुटल्यावर निदान सुरुवातीला तरी सरळ जाते ना?

नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडली की त्याच क्षणापासून ती खाली यायला लागते, फक्त वेग इतका असतो की डोळ्याला कळत नाही. मॅचची पॉइंट टू-टू गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने सुटते आणि ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतात. आता शाळेतलं सूत्र आठवा, अर्धा गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग, उत्तर येतं साडेबारा सेंटीमीटर. आणि टार्गेटवर सगळ्यात बाहेरची जी १ ची रिंग असते तिचा व्यास १५४.४ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून पावणेआठ सेंटीमीटर. थोडक्यात, नळी अगदी आडवी ठेवून बरोब्बर मधोमध रोखली तर गोळी १ च्या रिंगच्याही बाहेर, खाली कुठेतरी लागेल, स्कोअर शून्य.

आणि ज्या १० साठी सगळा आटापिटा चाललेला असतो ती रिंग १०.४ मिलिमीटरची. शर्टाचं बटण यापेक्षा मोठं असतं.

मग गोळी आधी वर जाते आणि नंतर खाली येते असं सगळे म्हणतात ते काय?

नेम धरायची रेषा आणि नळीची रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळा घोळ तिथेच होतो. साइट, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात ते साधन, नळीच्या वर काही सेंटीमीटरवर बसवलेली असते आणि ती अशी सेट केलेली असते की तुम्ही डोळ्याने सरळ टार्गेट बघत असता तेव्हा नळी प्रत्यक्षात किंचित वर रोखलेली असते. किती, तर ५० मीटरसाठी एका अंशाचा साधारण पाचवा भाग. म्हणून गोळी नजरेच्या रेषेच्या खालून निघते, पंधरा-सोळा मीटरवर ती रेषा ओलांडून वर जाते, मग वाकत वाकत ५० मीटरवर पुन्हा त्याच रेषेला येऊन मिळते. नळीच्या रेषेच्या वर ती कधीच जात नाही. कोणी म्हणालं की बाहेर पडल्यावर हवेमुळे गोळी उचलली जाते, तर सरळ हसून सोडून द्या, गोळीला विमानासारखे पंख नसतात.

एक गोळी आडवी झाडली आणि त्याच वेळी दुसरी हातातून सोडली, तर दोन्ही एकदम जमिनीवर पडतात हे खरं?

जवळजवळ खरं. दीड मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू साधारण ०.५५ सेकंदात खाली येते, आणि तेवढ्या वेळात झाडलेली पॉइंट टू-टू गोळी सपाट मैदानावर दीडशे मीटरपेक्षा थोडी पुढे जाऊन पडलेली असते. आडवा वेग कितीही असला तरी गुरुत्वाकर्षण त्याची दखल घेत नाही. ‘जवळजवळ’ म्हटलं ते हवेमुळे. वेगाने जाणाऱ्या गोळीला हवा जास्त जोरात अडवते आणि त्या अडवण्याचा एक बारीकसा भाग वरच्या दिशेने लागतो, म्हणून झाडलेली गोळी अगदी नावापुरती उशिरा पडते. परीक्षेत हे लिहू नका, सर मार्क कापतील.

जड गोळी जास्त खाली पडते का?

नाही, खाली पडणं फक्त वेळेवर अवलंबून, वजनावर नाही. जड गोळी बऱ्याचदा हळू सुटते म्हणून तिला वेळ जास्त लागतो आणि म्हणून ती जास्त पडलेली दिसते, एवढंच.

हवा म्हणजे काहीच नाही, ती शिशाच्या गोळीला काय अडवणार?

हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच्या भल्याभल्यांनाही पडला होता. गॅलिलिओने १६३८ मध्ये फेकलेल्या वस्तूचा मार्ग पॅराबोला असतो हे मांडलं आणि ते हवा नसताना अगदी बरोबर आहे, पण नंतर बरेच लोक बंदुकीची गोळी इतकी छोटी आणि जड आहे की हवेचा हिशोब सोडून दिला तरी चालेल असं धरून बसले. मग १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने मस्त युक्ती केली, टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडायची आणि ठोकळा किती झोका घेतो त्यावरून गोळीचा वेग काढायचा. मग तोच ठोकळा लांब नेऊन पुन्हा झाडायचं. दोन वेगांतला फरक बघितला तेव्हा कळलं की हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या कितीतरी पट आहे. ऑयलरसारख्या गणितीने रॉबिन्सचं हे काम स्वतःच्या टिपा जोडून जर्मनमध्ये आणलं, म्हणजे किती महत्त्वाचं होतं बघा.

आपल्या पॉइंट टू-टू गोळीचं वजन जेमतेम २.६ ग्रॅम. सुटल्या सुटल्या हवा तिला मागे ओढते तो जोर तिच्या स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट असतो. सैन्याच्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलची गोळी ८४० मीटर प्रति सेकंदाने निघते, तिथे तर हा आकडा साठ-सत्तर पट होतो, कारण विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे उडत्या गोळीवर जे दोन जोर लागतात त्यात गुरुत्वाकर्षण हा लिंबूटिंबू खेळाडू आहे. तरी आपण शाळेत फक्त त्याचंच गणित करतो, कारण ते सुटतं.

मग शूटरला जास्त त्रास कशाचा, गुरुत्वाकर्षणाचा की हवेचा?

हवेचा, प्रश्नच नाही. गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच, सकाळी तेवढंच, फायनललाही तेवढंच. एकदा साइट सेट केली की ते साडेबारा सेंटीमीटर विसरून जायचं. वारा मात्र दर मिनिटाला मूड बदलतो. मॅच हरल्यावर कोणी शूटर गुरुत्वाकर्षणाला शिव्या देताना ऐकलाय का?

वेगवान गोळी घेतली की वाऱ्याने कमी हलेल, बरोबर ना?

पॉइंट टू-टूच्या बाबतीत उलटं होतं, आणि हे नीट समजून घ्या कारण दुकानात हमखास कोणीतरी ‘हाय व्हेलॉसिटी’ घ्या म्हणून सांगतो.

आधी आडवा वारा गोळीला नेमकं काय करतो ते बघू. समजा डावीकडून २ मीटर प्रति सेकंद वारा आहे, म्हणजे ताशी ७ किलोमीटर, झाडाची पानं हलतील एवढा. गोळी वाऱ्याबरोबर वाहून गेली असती तर ०.१६ सेकंदात ३२ सेंटीमीटर सरकली असती. प्रत्यक्षात सरकते जेमतेम १ सेंटीमीटर. कारण गोळी आपलं तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे किंचित वळवून घेते आणि मग हवेचा विरोध तिला सरळ मागे न ओढता जरासा तिरका मागे ओढतो, त्या तिरकेपणामुळे ती बाजूला जाते. म्हणून किती सरकणार हे वेगावर ठरत नाही, हवेमुळे गोळीला किती उशीर झाला यावर ठरतं. हवा नसती तर ५० मीटरला ०.१५४ सेकंद लागले असते, लागतात ०.१५८ ते ०.१५९, म्हणजे उशीर झाला जवळपास ०.००५ सेकंदाचा. त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा, आलं तेच, सेंटीमीटरभर.

आता हाय व्हेलॉसिटी गोळी सुटते ३८० च्या आसपास. आवाजाचा वेग २० डिग्रीला ३४३ मीटर प्रति सेकंद. म्हणजे ही गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते आणि तिथे हवेचा विरोध एकदम उसळी मारतो, गोळीपुढे शॉकवेव्ह तयार होते आणि ती ढकलायला ऊर्जा जाते. (ही शॉकवेव्ह डोळ्याला दिसत नाही पण अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून पीटर झाल्खरने १८८६ मध्येच तिचा फोटो काढला होता, गोळीच्या टोकापासून मागे फाकलेल्या दोन रेषा.) गोळी पोचते लवकर, खाली पडते कमी, साडेबाराच्या जागी दहा सेंटीमीटरच्या आत, पण उशीर जवळपास पावणेदोन पट होतो आणि त्याच वाऱ्यात ती १ ऐवजी दीड-पावणेदोन सेंटीमीटर सरकते. म्हणून मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असते. स्वस्त पडते म्हणून नाही, उलट मॅचचा दारूगोळा महाग असतो.

मोठ्या रायफलींना हे लागू नाही हां, तिथे गोळी आवाजाच्या दुपटी-अडीचपटीने जाते आणि लांब निमुळती असते, तिथे वेग वाढवला की फायदाच होतो.

१ सेंटीमीटर म्हणजे कितीसं? एवढ्याने काय बिघडतं?

५० मीटरच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर ८ मिलिमीटर. फायनलला दशांशात स्कोअर देतात, सगळ्यात जास्त १०.९, आणि मध्यापासून दर ०.८ मिलिमीटरला ०.१ कापला जातो. बरोब्बर मध्यात जाणारी गोळी १ सेंटीमीटर सरकली की १०.९ चा होतो ९.७. तुमचा नेम परफेक्ट, ट्रिगर परफेक्ट, श्वास परफेक्ट, आणि तरी १.२ पॉइंट वाऱ्यावर गेले. पॅरिसला स्वप्नीलचा स्कोअर ४५१.४ होता आणि वरच्या दोघांचे ४६१.३ आणि ४६३.६, म्हणजे वरच्या दोघांत सगळा मिळून फरक २.३ चा, असे दोन शॉट म्हणजे सोनं आणि रुपं यांची अदलाबदल.

मग वारा ओळखायचा कसा?

५० मीटरच्या रेंजवर फायरिंग लाइनपासून १० आणि ३० मीटरवर छोटे कापडी झेंडे लावलेले असतात, ५ सेंटीमीटर रुंद आणि ४० लांब. ते बघायचे. त्यातही १० मीटरवरचा जास्त महत्त्वाचा, कारण सुरुवातीला गोळीला थोडी जरी तिरकी दिशा मिळाली तरी उरलेलं सगळं अंतर ती तशीच जात राहते. टार्गेटजवळच्या वाऱ्याला गोळी हलवायला वेळच मिळत नाही. नवीन पोरं नेमकं उलट करतात, लांबच्या झेंड्याकडे टक लावून बसतात.

यावर उपाय तीनच. एक, वारा परत पहिल्यासारखा होईपर्यंत थांबायचं. दोन, साइटचे क्लिक फिरवायचे. तीन, मुद्दाम थोडा बाजूला नेम धरायचा. मॅचआधीच्या सायटर शॉट्समध्ये, ज्यांचे पॉइंट धरत नाहीत, अनुभवी शूटर फक्त नेम तपासत नाही तर झेंडा एवढा उडतोय तेव्हा गोळी कुठे जातेय हे डोक्यात बसवतो. घड्याळ चालू असताना मात्र थांबायला जिगर लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून नेम धरायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाल्या. ६० शॉटमध्ये ६०० पैकी ५९७, म्हणजे फक्त ३ पॉइंट गेले. उघड्या रेंजवर एवढा स्कोअर नुसत्या नेमाने येत नाही, वारा वाचता यावा लागतो.

वारा आडवा आहे पण माझी गोळी थोडी खालीवर पण जाते. साइट ढिली झालीय का?

आधी स्क्रू बघा, तो ढिला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण स्क्रू घट्ट असेल तर हे गोळीच्या फिरण्यामुळे होतं. बहुतेक नळ्यांत गोळी उजवीकडे फिरते, म्हणजे मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. अशा नळीत वारा डावीकडून आला की गोळी उजवीकडे आणि थोडी खाली जाते, उजवीकडून आला की डावीकडे आणि थोडी वर. टार्गेटवर घड्याळ कल्पून बघा, दहा ते चार अशी तिरकी रेघ पडते.

पण गोळी फिरवतातच कशाला?

भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, थांबला की कलंडतो, तेच. लांबट गोळीचा हवेचा दाब पुढच्या टोकाकडे लागतो आणि वजनाचा मध्य मागे असतो, त्यामुळे न फिरवता सोडली तर ती हवेत कोलांट्या मारेल. म्हणून नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. पॉइंट टू-टूच्या नळीत साधारण १६ इंचांत एक पूर्ण पीळ, मग ३२५ मीटरच्या वेगाला गोळी सेकंदाला ८०० वेळा फिरते, मिनिटाला ४८,०००. गाडीचं इंजिन सहा-सात हजारावर किंचाळायला लागतं.

मस्केट म्हणजे जुन्या लांब बंदुकीच्या नळीला खाचा नसत आणि गोळी गोल असायची. ती नळीत कुठे घासेल तशी वाटेल त्या बाजूला फिरायची आणि दरवेळी वेगळीकडे वळायची. फिरणाऱ्या वस्तूला हवा बाजूला ढकलते ही गोष्ट रॉबिन्सने बघितली होती, पण नाव पडलं माग्नस या जर्मन शास्त्रज्ञाचं, ज्याने १८५२ मध्ये तोफगोळ्यांच्या वळण्यावरच काम करताना ती मांडली. क्रिकेटमधला ड्रिफ्ट, म्हणजे स्पिनरचा चेंडू हवेतच बाजूला सरकतो तो, त्याच खानदानातला.

फिरण्याचा एक साइड इफेक्टही आहे, उजवीकडे फिरणारी गोळी लांब पल्ल्यावर हळूहळू उजवीकडे सरकत जाते. ५० मीटरला विसरून जा.

४५ अंशात झाडली की गोळी सगळ्यात लांब जाते ना?

चंद्रावर. इथे हवा आहे. ७.६२ ची गोळी हवा नसती तर ४५ अंशात ७२ किलोमीटर गेली असती, गणित करून बघा, वेगाचा वर्ग भागिले ९.८. प्रत्यक्षात ती चारेक किलोमीटर जाते आणि त्यासाठी कोन लागतो ३०-३५ अंशांच्या आसपास. पॉइंट टू-टूचं गणिताने पावणेअकरा किलोमीटर येतं, जाते दीड किलोमीटर. तरी दीड किलोमीटर हे लक्षात ठेवा, ‘छोटी बंदूक आहे’ म्हणून शेताच्या बांधावर उभं राहून झाडणाऱ्यांसाठी सांगतोय.

याचा उलटा किस्सा १९१८ चा. जर्मनांनी पॅरिसवर १२० किलोमीटरवरून तोफ डागली, ती ४५ पेक्षा जास्त कोनात, कारण गोळा चाळीसेक किलोमीटर वर जायचा आणि बराचसा प्रवास जवळपास हवा नसलेल्या थरातून करायचा.

पावसाळ्यात हवा जड असते, मग गोळी हळू जाते का?

दमट हवा जड वाटते पण असते हलकी! पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका असतो. ३० डिग्रीला पूर्ण दमट हवा कोरड्यापेक्षा दीड-दोन टक्के विरळ, म्हणजे ५० मीटरला काहीही फरक पडत नाही. वरळीसारख्या समुद्राजवळच्या रेंजवर पावसाळ्यात त्रास होतो तो वाऱ्याचा आणि घामाने ओल्या झालेल्या जॅकेटचा.

उंचीचा फरक मात्र दणकून पडतो. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. विरोध कमी, त्यामुळे लांबच्या पल्ल्याला गोळी वर लागते. कारगिलच्या वेळी १९९९ मध्ये बोफोर्सचे गोळे त्या पातळ हवेत खालच्यापेक्षा बरेच लांब जायचे आणि हिशोब नव्याने लावावे लागले.

पृथ्वी फिरते त्याचा परिणाम?

होतो, पण कोल्हापुरात ५० मीटरला मिलिमीटरचा पाचवा भाग, तोही नाही. मुंबईच्या अक्षांशावर १,००० मीटरच्या शॉटला चारेक सेंटीमीटर उजवीकडे. व्हिडिओ गेममधले स्नायपर यावर लंबीचौडी भाषणं देतात, तुम्ही आधी वारा बघा.

डोंगरावर वरच्या दिशेने झाडली तर गोळी खाली लागते आणि खालच्या दिशेने झाडली तर वर?

दोन्ही वेळी वरच लागते. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशोबात, आणि तिरक्या शॉटचं आडवं अंतर नेहमी कमी असतं. ३० अंशात १०० मीटर म्हणजे आडवे ८७ मीटरच, आणि साइट मात्र १०० साठी सेट केलेली.

लग्नात हवेत गोळी झाडतात ती खाली येते तेव्हा तिच्यात जोर उरतो का?

उरतो, आणि माणसं मरतात. सरळ वर गेलेली गोळी परत येताना हवेमुळे एका ठरावीक वेगाच्या वर जात नाही, अमेरिकन सैन्यातल्या ज्युलियन हॅचरने १९२० च्या सुमारास फ्लोरिडात मशीनगन आकाशाकडे रोखून हे तपासलं आणि त्याला तो वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास मिळाला. डोक्याचं हाड फुटायला तेवढा पुरू शकतो. आणि लग्नात कोण सरळ वर धरतो? तिरकी झाडलेली गोळी टोक पुढे ठेवून, फिरत, त्यापेक्षा बराच वेग घेऊन कुठेतरी उतरते. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल सुरू करतेय, तिला हे सगळं शिकावं लागेल?

नाही. १० मीटर हॉलच्या आत होतं, वारा नाही. अर्ध्या ग्रॅमचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा १७०-१७५ च्या वेगाने जातो, ०.०६ सेकंदात पोचतो, पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो आणि तो दरवेळी तेवढाच येतो. छर्ऱ्याची कंबर बारीक आणि मागे घागऱ्यासारखा घेर असतो, त्या घेराला हवा मागे ओढून धरते म्हणून तोंड पुढे राहतं, शिवाय नळीचा पीळ आहेच. १० चा ठिपका मात्र तिथे अर्ध्या मिलिमीटरचा आहे, त्यामुळे पहिली दोन वर्षं तिला उभं राहणं आणि ट्रिगर यापलीकडे काही सुचणारही नाही. ५० मीटरला गेली की मग झेंडे दाखवा, आणि फिजिक्सच्या वहीत ते साडेबारा सेंटीमीटर तिलाच काढू द्या.